दुसरा चंद्र

डोळ्याची शस्त्रक्रिया माणसाला दृष्टी परत देते असे सर्वजण म्हणतात. परंतु ती नेमके काय परत देते, पाहण्याचे साधन, पाहण्याची शक्ती की स्वतः पाहणारा, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेत मावत नाही, आणि भारतीय दर्शनांनी तो फार पूर्वीपासून, तोही डोळ्याच्या एका रोगाचेच उदाहरण समोर ठेवून, हाताळलेला आहे. या प्रश्नाचे उत्तर कसे दिले जाते यावर पुष्कळ माणसांचे उरलेले आयुष्य अवलंबून असते. गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात काय किंवा झाडीपट्टीतल्या कोणत्याही धानाच्या गावात काय, म्हाताऱ्या माणसाला अंधुक दिसू लागले की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात: ‘वय झालं, भोग आहे’ आणि ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू’. पहिले वाक्य कर्मसिद्धांताचा आधार घेते, दुसरे जुन्या शस्त्रक्रियेचा. आणि दोन्ही मिळून माणसाला वर्षानुवर्षे काळोखात बसवून ठेवतात.

दुसऱ्या वाक्याचा निकाल लवकर लागतो. बाहुलीच्या मागे असलेले नेत्रभिंग जन्मतः पारदर्शक असते. त्यातील प्रथिनांची रचना वयोमानाने बिघडून ते गढूळ होते, आणि या गढूळपणालाच मोतीबिंदू म्हणतात. एके काळी संपूर्ण भिंग अखंड बाहेर काढावे लागे, त्याच्या जागी बसवायला काही नसे, आणि रुग्णाला आयुष्यभर जाड काचेचा चष्मा लावावा लागे. त्यामुळे भिंग पुरते पांढरे होऊन नजर जवळजवळ गेल्याशिवाय शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नव्हता. ‘पिकू देणे’ हा सल्ला त्या काळापुरता रास्त होता. आज भिंगाचा गाभा काही मिलिमीटरच्या छेदातून काढतात किंवा ध्वनीच्या अतिसूक्ष्म कंपनांनी फोडून शोषून घेतात, आणि त्याच्या पातळ पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. अशा पद्धतीत फार पिकलेला, दगडासारखा घट्ट झालेला मोतीबिंदू अधिक अवघड ठरतो, आणि अति पिकलेल्या भिंगातून द्रव पाझरून डोळ्याचा दाब वाढला तर दृष्टीची नस कायमची निकामी होऊ शकते. धान पिकल्यावर कापायचे असते. डोळ्याला तो नियम लागू नाही.

पहिल्या वाक्याचा निकाल मात्र इतक्या लवकर लागत नाही, कारण त्यामागे एक संपूर्ण जीवनदृष्टी उभी आहे, आणि तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे हा तिच्यावर अन्याय होईल. ज्या परंपरेतून ‘भोग’ हा शब्द आला, त्याच परंपरेने डोळ्याच्या रोगाकडे कसे पाहिले, हे तपासणे अधिक न्याय्य आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या रोगांचे सविस्तर विवेचन आहे. दृष्टी मंदावण्याच्या विकाराला तेथे ‘तिमिर’ म्हटले आहे आणि तो वाढून दृष्टी झाकली गेली की त्याला ‘लिंगनाश’ हे नाव आहे. कफामुळे होणाऱ्या लिंगनाशावर जी शस्त्रक्रिया सांगितली आहे, तिचे वर्णन वाचताना ती हाताने केलेल्या माणसाचा अनुभव ओळीओळीतून जाणवतो. रुग्णाला बसवून स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगायचे. पापण्या नीट उघडून धरायच्या. जवाच्या दाण्यासारखे टोक असलेली शलाका, म्हणजे बारीक धातूची सळई, पांढऱ्या भागातून ठरावीक जागी आत घालायची. डावा डोळा उजव्या हाताने आणि उजवा डोळा डाव्या हाताने वेधायचा. वेध बरोबर झाला तर किंचित आवाज होतो आणि पाण्याचा थेंब बाहेर येतो. मग शलाकेच्या टोकाने दृष्टिमंडल खरवडून मोकळे करायचे आणि ढग सरल्यावर सूर्य दिसावा तशी दृष्टी स्वच्छ झाली की शलाका हळूहळू काढून घ्यायची. त्यानंतर तूप लावून पट्टी बांधायची आणि धूळ व धूर नसलेल्या घरात रुग्णाला उताणे झोपवायचे. त्याने शिंकायचे नाही, खोकायचे नाही, थुंकायचे नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर गढूळ भिंग बाहेर न काढता प्रकाशाच्या वाटेतून बाजूला सारले जाई. या शस्त्रक्रियेत धोका मोठा होता, आणि जंतुसंसर्गाचे ज्ञान नसल्याने अनेक डोळे गमावले गेले असणार यात शंका नाही; तरीही ‘हा भोग आहे, हात लावू नये’ असे सांगणारी ही परंपरा नव्हे. मान, डोके आणि इंद्रियांच्या चिकित्सेच्या सबंध शाखेला आयुर्वेदाने ‘शालाक्य’ हे जे नाव दिले, ते याच सळईवरून आले.

येथे शब्दांचा एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे, आणि तो केवळ योगायोग नसावा. गुरूला वंदन करताना घरोघरी म्हटला जाणारा जो प्रसिद्ध श्लोक आहे, त्यात अज्ञानाला ‘तिमिर’ म्हटले आहे आणि ज्ञानाचे अंजन घालणाऱ्या साधनाला ‘शलाका’. ‘तिमिर’ म्हणजे केवळ अंधार असे समजून तो श्लोक म्हटला जातो. परंतु वैद्यकात तिमिर हे डोळ्याच्या रोगाचे नाव आहे आणि शलाका हे नेत्रवैद्याच्या हातातले उपकरण. शिष्य म्हणजे नेत्ररुग्ण आणि गुरू म्हणजे त्याच्या डोळ्यावर उपचार करणारा, हे चित्र ज्या समाजाला सुचले, त्या समाजात डोळा बरा करणे हे कृपेचे सर्वांत सहज उदाहरण होते.

दर्शनग्रंथांत तर हा नेत्ररुग्ण पदोपदी भेटतो. तिमिर झालेल्या माणसाला एकाच चंद्राच्या जागी दोन चंद्र दिसतात, डोळ्यांपुढे नसलेल्या केसांचे पुंजके तरंगताना दिसतात. बौद्ध विज्ञानवादी आचार्य वसुबंधूने हे उदाहरण बाह्य जगाविषयीच्या चर्चेत वापरले, आणि शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच, अध्यासाचे म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप होण्याचे स्वरूप सांगताना, एक चंद्र दोन असल्यासारखा भासतो याची आठवण दिली. ही कविकल्पना नव्हे. नेत्रभिंगाचे वेगवेगळे भाग कमीअधिक गढूळ झाले की एकाच डोळ्याने पाहतानाही वस्तूची दुहेरी प्रतिमा दिसू शकते, आणि कुडव्यातली एखादी आजी रात्री अंगणात बसून दोन चंद्र दिसतात म्हणते तेव्हा ती भ्रमिष्ट झालेली नसते, तिला मोतीबिंदू झालेला असतो.

या दुसऱ्या चंद्रात तत्त्वज्ञानाचा एक खोल मुद्दा दडलेला आहे. दोरीवर साप दिसला आणि दिवा आणून पाहिले की तो साप उरत नाही. तेथे ज्ञान पुरेसे असते. दुसरा चंद्र मात्र ज्ञानाने जात नाही. चंद्र एकच आहे हे त्या आजीला पक्के ठाऊक असते, कोणी शंभर वेळा समजावले तरी ती मान डोलावते, आणि तरीही तिला दोनच दिसत राहतात, कारण भ्रमाचे कारण तिच्या समजुतीत नसून डोळ्यात आहे. जोवर ते कारण जागेवर आहे, तोवर उपदेश व्यर्थ आहे. यावरून जे निष्पन्न होते ते स्पष्टपणे मांडले पाहिजे: ज्या दुःखाचे कारण शरीराच्या एका भागात आहे, त्यावर अंतर्दृष्टीचा उपदेश हे उत्तर नव्हे. म्हाताऱ्या माणसाला ‘आता बाहेरचे पाहून काय करायचे, आत पाहा’ असे सांगणारा वेदान्त सांगत नसतो. तो दोन निरनिराळ्या पातळ्यांची गल्लत करत असतो.

या पातळ्यांची फोड दर्शनांनी काटेकोरपणे केली आहे. खोबणीत असलेल्या, हाताला लागणाऱ्या डोळ्याला ते ‘गोलक’ म्हणतात. त्या गोलकाच्या आश्रयाने काम करणारी, स्वतः न दिसणारी पाहण्याची शक्ती ती ‘इंद्रिय’. इंद्रियाने आणलेले एकत्र जुळवणारे ते मन. आणि ज्याच्यासाठी हे सर्व चालते तो साक्षी. ऐतरेय उपनिषदावरील भाष्यात शंकराचार्य दोन दृष्टी वेगळ्या करतात. डोळ्याची दृष्टी अनित्य आहे, कारण तिमिर आले की ती जाते आणि तिमिर गेले की पुन्हा येते, हे लोकांना रोजच दिसते. साक्षीची दृष्टी मात्र येत नाही की जात नाही. त्यासाठी ते दाखला देतात तो असा की, ज्याचे डोळे काढून टाकले आहेत असा माणूसही सकाळी उठून सांगतो, आज स्वप्नात भावाला पाहिले. हा दाखला मनाला चटका लावणारा आहे. त्यातून आत्म्याची दृष्टी सिद्ध होते की नाही यावर वाद होऊ शकेल, परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे: गेलेली नजर उपचाराने परत येणे ही शंकराचार्यांना इतकी परिचित घटना वाटते, की ती ते सिद्ध करायला बसत नाहीत, तिच्यावर पुढचा युक्तिवाद उभा करतात.

मग कर्माचे काय? चरकसंहितेच्या विमानस्थानात अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना, हेच विचारतो, की आयुष्य आधीच ठरलेले असते काय. आत्रेयांचे उत्तर असे, की दैव आणि पुरुषकार, म्हणजे पूर्वकर्म आणि या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंवर ते अवलंबून असते. सर्व काही ठरलेलेच असते तर औषधाची गरज उरली नसती आणि सापापासून किंवा पिसाळलेल्या जनावरापासून दूर पळण्याचेही कारण उरले नसते. ज्या माणसाला मोतीबिंदू हा भोग वाटतो, तोही धानाच्या बांधीत साप दिसला की मागे सरतो; कर्मावरचा त्याचा विश्वास तेवढ्याने खोटा ठरत नाही, फक्त प्रयत्नाला त्या विश्वासात जागा आहे हे त्याच्या पायांना ठाऊक असते.

बौद्ध परंपरेतील चक्षुपालाची कथा या बाबतीत अधिक धीट आहे, आणि ज्या भूमीत 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर असंख्य घरे बौद्ध झाली, त्या विदर्भात ती आठवणे योग्यच आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकेत, ही कथा पहिल्याच गाथेच्या निमित्ताने येते. चक्षुपाल हा भिक्षू आडवे न होण्याचे व्रत घेतो, वैद्याने सांगितल्याप्रमाणे आडवे होऊन औषध घेत नाही, आणि त्याची दृष्टी जाते. त्याच क्षणी तो अर्हत, म्हणजे मुक्त, होतो. त्याच्या आंधळेपणाचे कर्म कोणते, तर पूर्वजन्मी तो नेत्रवैद्य होता, आणि बरी झालेली बाई मोबदला चुकवते आहे असे पाहून त्याने मुद्दाम वाईट औषध देऊन तिला आंधळे केले. कथेचा रोख नीट पाहिला पाहिजे. येथे आंधळेपणा बरा करणे हे कर्मनियमाच्या विरुद्ध मानलेले नाही. पाप ठरले आहे ते बरा झालेला डोळा बिघडवणे. कर्मसिद्धांत हा करणाऱ्याला जबाबदार धरण्यासाठी आहे, सोसणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी नव्हे, आणि या कथेइतका त्याचा स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

याच विदर्भातील संत गुलाबराव महाराज (1881–1915) यांचे उदाहरण अनेकदा उलट अर्थाने दिले जाते. अमरावती जिल्ह्यातील माधान गावच्या या पुरुषाची दृष्टी वयाच्या नवव्या महिन्याच्या सुमारास गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेत आणि स्वतः सांगून लिहवून घेत त्यांनी चौतीस वर्षांच्या आयुष्यात प्रचंड ग्रंथरचना केली, आणि ‘प्रज्ञाचक्षू’ हे विशेषण त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. त्यांची थोरवी वादातीत आहे. परंतु प्रज्ञेचा डोळा असलेल्या एका विलक्षण पुरुषाकडे बोट दाखवून, रोवणीला वाकणाऱ्या हजारो सामान्य बायाबापड्यांना बाहेरच्या डोळ्याची गरज नाही असे सुचवणे, हे त्यांचाही अवमान करणारे आहे. त्यांच्यापुढे निवड नव्हती. टाळता येणारे अंधत्व असलेल्या माणसापुढे ती आहे. महाभारतात व्यास युद्धापूर्वी धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात आणि आप्तांचा संहार पाहवणार नाही म्हणून तो ती नाकारतो. नाकारण्याचा अधिकार त्याला होता, कारण ती आधी त्याला देऊ केली गेली होती.

गोलक दुरुस्त झाला म्हणजे पाहणे आपोआप परत येते काय, या प्रश्नाने युरोपातही तत्त्वज्ञांना खिळवून ठेवले. डब्लिनचे विल्यम मॉलिनो, ज्यांच्या पत्नीची दृष्टी गेलेली होती, यांनी 1688 मध्ये जॉन लॉक यांना विचारले: जन्मांध माणसाने घन आणि गोल स्पर्शाने ओळखायला शिकले असेल आणि त्याला अचानक दिसू लागले, तर हात न लावता, नुसते पाहून तो दोन्ही ओळखील काय? लॉक यांनी आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तीत हा प्रश्न घेतला आणि दोघांचेही उत्तर ‘नाही’ असे होते. 1728 मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक चेसल्डन यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केलेल्या एका मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्व वस्तू आपल्या डोळ्यांना टेकल्या आहेत असे त्या मुलाला वाटे. डोळ्याचे तेज बाहेर जाऊन वस्तूला भिडते असे मानणाऱ्या नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हे वर्णन ओळखीचे वाटले असते. पुढे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात भारतातील जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हा प्रश्न प्रत्यक्ष तपासला गेला, आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार 8 ते 17 वर्षांच्या पाच मुलांना हाताने ओळखलेली वस्तू नजरेने लगेच ओळखता आली नाही, परंतु थोड्याच दिवसांत ती येऊ लागली. गोलक आणि मन यांत अंतर आहे, आणि ते शिकण्याने भरून निघते, असे यावरून दिसते. हे मनही अनंतकाळ वाट पाहत नाही. बाळाच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली तर पहिल्या काही आठवड्यांतच उपचार व्हावे लागतात, कारण मेंदू पाहायला शिकण्याचा मुख्य काळ निघून गेला की निर्दोष डोळाही अधूच राहतो. ‘भोग’ या शब्दाने होणारी सर्वांत मोठी हानी येथे होते, आणि ती बोलता न येणाऱ्या जिवाची होते.

चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेचा विचार थोडक्यात करता येईल. डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडी असते; त्याचा काही भाग लेसरने तासून वक्रता बदलली की प्रकाश योग्य जागी एकवटतो. नंबर स्थिर झालेल्या तरुणाने पोलिस भरतीसाठी किंवा खेळासाठी, सर्व तपासण्या करून, ती करून घेण्यात अधर्म काही नाही. मात्र चष्म्याने भागत असताना केवळ लग्नाच्या बाजारात मुलीच्या नाकावरचा चष्मा नको म्हणून ती करायला लावणे, यात दुरुस्ती डोळ्याची होत असली तरी रोग पाहणाऱ्यांच्या नजरेत असतो.

धानाच्या मुलखात डोळ्याचे आणखी एक दुखणे आहे, आणि त्याच्यापुढे धर्मविचाराची खरी कसोटी लागते. कापणी-मळणीच्या दिवसांत लोंबीचे कुसळ किंवा पात्याची धारदार कड डोळ्याला लागते, पारपटलावर ओरखडा उठतो, त्यातून बुरशी शिरते, आणि घरगुती रस घालण्यात किंवा कोणतेही थेंब आणून टाकण्यात आठवडा गेला की तेथे जखम होऊन पांढरा डाग उरतो. याला गावात डोळ्यात फूल पडणे म्हणतात. भाषेने किती कोवळा शब्द दिला आहे, आणि तो किती भयंकर गोष्टीसाठी! दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते ही म्हण सर्वत्र वापरली जाते. येथे ते कुसळ खरे असते. मोतीबिंदूसाठी इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी 1949 मध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले, आणि तेव्हापासून भिंग कारखान्यात बनू लागले. फूल पडलेले पारपटल बदलण्यासाठी मात्र आजही बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाच्या पारपटलावरच अवलंबून राहावे लागते. 1905 मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी रोपण केले तेव्हाही ते दुसऱ्या माणसाच्याच डोळ्यातून आले होते.

आणि येथे घराघरांत एक भीती आडवी येते: मेल्यावर डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्मावे लागेल. ही भीती ज्या शास्त्राच्या नावाने बाळगली जाते, ते शास्त्र तिला दुजोरा देत नाही. भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायात म्हटले आहे की जीव देह सोडताना मन आणि इंद्रिये बरोबर घेऊन जातो, वाऱ्याने फुलातला गंध न्यावा तशी. जे जाते ते इंद्रिय; जो मागे राहतो तो गोलक. फुलाच्या पाकळ्या मागे राहिल्या म्हणून गंधात उणेपणा येत नाही. गोलक आणि इंद्रिय यांतला जो भेद पंडितांच्या वादाचा विषय वाटतो, तोच या भीतीवरचा सर्वांत सरळ उतारा आहे. बौद्ध जातककथांतील शिबी राजा तर जिवंतपणी याचकाला डोळे देतो, आणि ते काढण्यासाठी सीवक नावाच्या वैद्याला बोलावतो. दानाच्या या आदर्शाचे बळ केवढे आहे ते शेजारच्या श्रीलंकेत दिसते, जिथे हडसन सिल्वा यांनी 1961 मध्ये नेत्रदानाची संस्था उभी केली आणि तो छोटा देश परदेशांनाही पारपटले पाठवू लागला.

नेत्रदान सुमारे सहा तासांच्या आत व्हावे लागते. मृत्यू घडलेल्या घरात ते सहा तास कसे असतात, हे सर्वांना ठाऊक आहे: तोंडात तुळशीपत्र ठेवलेले असते किंवा उशाशी मेणबत्ती लावलेली असते, तिरोड्याहून आणि बालाघाटहून नातेवाईक निघालेले असतात, बाया रडत असतात, आणि बाहेर तिरडीची जुळवाजुळव सुरू झालेली असते. त्या गडबडीत कोणीतरी एकाने उठून नेत्रपेढीला फोन करायचा असतो. मग डोक्यावरचा पंखा बंद करायचा, म्हणजे डोळे कोरडे पडत नाहीत. डोक्याखाली उशी देऊन ते जरा उंच करायचे. पापण्या हलकेच मिटवून त्यांवर ओल्या कापसाचे बोळे ठेवायचे. पथक आले की पंधरा-वीस मिनिटांत काम होते, चेहरा विद्रूप होत नाही, आणि मागाहून येणाऱ्या लेकीला आईचे तोंड होते तसेच पाहायला मिळते.